मुका ड्रम

"पैसे परत घ्या नाहीतर नका घेऊ. मला मी केलेला ड्रम पाहिजे," रुपाली म्हणाली. दौंडच्या स्टँडवर एस.टी.तून उतरल्यापासून तिचं बापाशी हे पहिलंच वाक्य होतं.

बाप, मल्हार, पुढे चालत राहिला. त्याच्या खांद्यावर वेगळाच ड्रम लटकत होता. चकचकीत कड्यांचा, बँडात असतो तसला. तीन दिवसांपूर्वी त्याने तो इथूनच, पोलीस बँडातून निवृत्त झालेल्या सोपानरावांकडून जुना म्हणून विकत नेला होता. दिसायला देखणा. पण काडी मारली की नुसतं ढब व्हायचं. पोत्यावर मारल्यासारखं.

रुपालीचा ड्रम तडतडायचा. दीड महिना खपून तिने तो घरी केला होता. निळ्या पिंपाचा वीतभर कापलेला तुकडा, त्यावर ताणून बसवलेला आजीच्या गुडघ्याचा एक्स-रे, आणि खालच्या अंगाला सायकलच्या ब्रेकची तार उसवून लावलेले बारीक पदर. उन्हात धरला की आजीची हाडं दिसायची. गळ्यात घातला की एका बाजूला कलायचा. पण वाजायला लागला की वरवंडच्या त्यांच्या गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची.

शाळेच्या बँडात एकच जागा उरली होती. जो स्वतःचा ड्रम आणील, त्याची. मल्हार मुलीला घेऊन शाळेत गेला, तर बँडच्या सरांनी तो ड्रम बोटांत उचलून धरला आणि सगळ्या पोरांसमोर सुनावलं, "बादलीच आणायची होती, तर पाणी भरून तरी आणायचं." पोरं हसली. मल्हार तिथून सरळ भंगारवाल्याकडे गेला आणि ड्रम त्याच्या हातगाडीवर टाकून आला. दुसऱ्या दिवशी कुरकुंभच्या कंपनीतली पाळी संपल्यावर हा विकतचा घेऊन आला.

उद्या सकाळी सर हा ड्रम एकदाच ऐकणार होते. ड्रम वाजला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"राग सरांचा आला होता, आप्पा," रुपाली चालता चालता म्हणाली. "पण भंगारात टाकलात माझा ड्रम."

मल्हारने पावलं जोरात उचलली.

सोपानराव दारात बसून लसूण सोलत होते. मल्हारने ड्रम त्यांच्यापुढे दाणकन ठेवला आणि तोंड सोडलं. अर्ध्या किमतीत देतोय तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, म्हणाला. पोलिसातला माणूस म्हणून वाजवूनसुद्धा पाहिला नाही, म्हणाला. शेजारच्या बायका दारात आल्या, तरी तो थांबला नाही. बापाला दम लागला तशी रुपाली बोलायला लागली. भंगारातून केलेला तिचा ड्रम बोलत होता आणि हा एवढा नटवा मुका आहे, असं तिने म्हाताऱ्याला तोंडावर सांगितलं.

सोपानरावांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग ड्रम कुशीवर वळवला. तिथे काळ्या कापडाची एक चिंधी करकचून बांधलेली होती. घरात तिला कुणी हात लावला नव्हता. दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल, असंच सगळे समजले होते. आजीने तर तिला हळदकुंकू लावलं होतं.

"ह्या चिंधीखाली खटका हाय," सोपानराव म्हणाले. "त्यो वर केला की तारा कातड्याला भिडत्यात. मग तडतडतो. ड्रममधी काय बी खोट न्हाई."

मल्हारचा पारा आणखीच चढला. "मग इकायच्या आधी चिंधी सोडायला काय हात मोडलं व्हतं का, मामा? तीन दिस पोरगी धड जेवली न्हाई."

सोपानरावांचा हात गाठीपर्यंत गेला. तिथूनच मागे आला आणि पुन्हा लसणाच्या ताटलीत पडला.

"आमच्या बँडात मयताला वाजवायचं तर खटका खाली पाडून तारा सैल करत्यात," ते म्हणाले. "आवाज दबका पाहिजे असतो. माझा पोरगा बी पोलिसातच व्हता. त्याला पोचवताना ह्यो मीच वाजवला. तवाच बांधली ही चिंधी. चार वर्सं झाली."

मल्हार खाली बघू लागला. शेजारच्या बायका एकेक करून आत गेल्या.

रुपाली ड्रमपाशी उकिडवी बसली. गाठ बारीक आणि कडक झाली होती.

"आबा, मी सोडू?"

"सोड," सोपानराव म्हणाले. "माझ्या हातनं सुटंना, म्हणून तर इकला."