चार ठिपके

“व्हॉल्व्ह पार गेलाय,” नवरा गॅलरीत फोनवर हळू आवाजात सांगत होता. “बदलून मिळायचा नाही आता. चालेल तितके दिवस चालेल. आणि हे बघा, तिला यातलं काही कळू द्यायचं नाही.”

दाराआड बाळाला खांद्यावर थोपटणारा तिचा हात जागच्या जागी थांबला.

मागच्याच महिन्यात तिच्या बाबांची छाती तपासून आणली होती. “वयोमानाने असायचंच थोडंफार,” म्हणत नवऱ्याने रिपोर्ट कपाटात टाकले होते. पण बाबा हल्ली जिन्यात मध्येच थांबायचे. दोन उशा घेऊन झोपायचे. चपलेचा पट्टा सुजलेल्या पावलात रुतायचा.

“अगं, इकडे ये!” आतून बाबांची हाक आली. “नातीला तिच्या आजीची करामत दाखव.”

जेवणाच्या टेबलावर आईचा जुना रेडिओ पाठ उघडी टाकून बसला होता. आई गेल्यापासून त्याने मौन धरलं होतं. बाबांनी महिनाभर त्याच्यामागे हात धुऊन लागून आतल्या तारा बदलल्या होत्या. छोट्या बल्बसारखे काचेचे पाच व्हॉल्व्ह ओळीने उभे होते आणि प्रत्येकाच्या बुडाशी लाल ठिपके: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे.

“तुझ्या आईचं नेलपॉलिश! मी एकदा पुसायला काढून अदलाबदल केली. तेव्हा म्हणाली, तुमच्या भरवशावर राहिले तर घर पेटवाल.” बाबा हसले. हसता हसता खोकले, आणि खोकला थांबेना.

“बाबा, पुरे आता. आणि डावा हात खिशात कशाला?”

“विजेचं काम एका हाताने करावं, बाई. दोन्ही हात आत घातले की झटका थेट छातीतून जातो.”

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

स्वयंपाकघरात तिने नवऱ्याला गाठलं. “बाबांना काय झालंय? खोटं बोलू नकोस. व्हॉल्व्ह गेलाय म्हणालास, मी ऐकलंय.”

त्याने हातातला फोन ओट्यावर पालथा ठेवला. मग खो खो हसत सुटला.

“अगं वेडाबाई, रेडिओचा! चौथा व्हॉल्व्ह. दुकानदाराशी बोलत होतो. आईचा रेडिओ आता कायमचा मुका झाला म्हटल्यावर तू रडत बसशील, म्हणून बाबांनीच गप्प राहायला सांगितलं.”

“जीव गेला असता ना माझा!” तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. त्याने हसतच नळ सोडला आणि कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिला.

त्याच आठवड्यात रेडिओ बोलला. आधी घरघर, मग एका बाईचा गाता आवाज. बाळ दूध सोडून टकामका बघायला लागलं.

“मिळाला वाटतं व्हॉल्व्ह?” तिने विचारलं.

बाबांनी जावयाकडे पाहिलं. “मिळाला की! जावईबापूंनी पाताळातून शोधून आणला. नवाकोरा आहे. आता काही काळजी नाही बघ.”

कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

दुपारी बाबा दोन उशांवर टेकून डुलकी घेत होते. बाळही झोपलं होतं. तिला एक गंमत सुचली. कपाटातून तिने आपली लाल नेलपॉलिशची बाटली काढली. नव्या चौथ्या पाहुण्याला आईसारखेच ठिपके द्यायचे, बाबा उठले की दाखवायचे.

तिने प्लग काढला. काचा निवू दिल्या. डावा हात पाठीशी धरून ती रेडिओत वाकली. पहिल्यापासून मोजत गेली. एक ठिपका. दोन. तीन.

चौथ्या व्हॉल्व्हच्या बुडाशी आईचे चार ठिपके होते. जुने, कडांनी टवके उडालेले.