खाणीपर्यंत जाणारी गाडी

"मागची सीट पूर्ण आडवी होते का?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही गाड्यांची होते." जीपवाल्याने पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडून दाखवलं. "सामान फार असतं का तुमचं?"

"सामान नाही. माणूस आडवा मावला पाहिजे." त्या मागे वळल्या. "भाऊजी, जरा बघता का झोपून?"

बरोबर आलेला दांडगा दीर मुकाट्याने पांढऱ्या गाडीत आडवा झाला. गुडघ्यापासून पाय बाहेर लोंबले. मग तो शेजारच्या हिरव्या गाडीत शिरला. तिथे अख्खा मावला.

"मिस्टर नाही आले?" जीपवाल्याने सहज विचारलं.

"घरी आहेत. झोपलेत."

डोंगराळ वाटांच्या जुन्या गाड्या विकण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग गाणी कशी वाजतात ते बघतं, हे त्याला पाठ होतं. या दोघांनी अजून बॉनेटसुद्धा उघडायला लावलं नव्हतं.

"दोन्हींत भरवशाची कोणती?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही नेणार कुठे, त्यावर आहे. पांढरी नवी आहे, सगळं कॉम्प्युटरवर. चढावर मागे घसरत नाही, उतारावर आपणहून ब्रेक धरते. आत बसलात की घरच्या सोफ्यावर बसल्यासारखं. पण एखादा सेन्सर रुसला, की ढिम्म हलत नाही. हिरवी म्हणजे नुसतं लोखंड. पाठीचा भुगा करते, डिझेल ढोसते. पण एक पाना जवळ असला की रानातसुद्धा चालू करता येते. माझी स्वतःची आहे. नवी घेतल्यापासून दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेली नाही."

"दिवे न लावता चालवता येते?"

तो थबकला. "दिवे का नाही लावायचे?"

"नव्या गाड्यांचे आपोआप लागतात, असं ऐकलं."

"पांढरीचे लागतात. हिरवीचे आपल्या हातात."

दीर वाकून हिरवीच्या आतला तळ चाचपत होता. "धुतली तर लगेच साफ होते?" त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"पांढरीत गालिचा आहे, डाग बसला की बसला. हिरवीत नुसता पत्रा. पाइप मारला की झालं."

बोलून गेल्यावर जीपवाल्याने जीभ चावली. आडवा माणूस. बंद दिवे. धुतला की साफ होणारा पत्रा. त्याने दोघांकडे नीट पाहिलं. आल्यापासून ती दोघं एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हती. घरी नवरा खरंच झोपला होता, की झोपवला होता?

"चहा ठेवतो," म्हणून तो ऑफिसात सटकला. बाई मागोमाग आल्या आणि दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या.

"फोन घ्यायला मुलगी होती," तो घाईने म्हणाला. "पावसाळ्यात न सांगता गेली सोडून. हल्ली माणसं टिकत नाहीत. चहासुद्धा मलाच करावा लागतो."

"राहू दे चहा. गाडी चालवून बघू. जुन्या दगडखाणीपर्यंत."

त्याने हातातला कप परत ठेवला. "तिकडची वाट खराब आहे. नदीकडे जाऊ, छान चढउतार आहेत."

"आम्हाला खाणीपर्यंतच जायचंय, भाऊ. दुसरीकडे चालवून काय कळणार?"

त्याने पांढरीची किल्ली उचलली. दीर तर पांढऱ्या गाडीत जाऊनही बसला होता.

पांढरी खाणीखालच्या पहिल्याच वळणावर टेकली. तिथे झऱ्याचं पाणी बारा महिने वाटेवर झिरपत असे. चाकं जागच्या जागी फिरली, समोर लाल दिवे लागले, गाडी लहान मुलासारखी कुरकुर करू लागली. दिराने खाली उतरून खांद्याने रेटली, तेव्हा कुठे मागे निघाली.

"चला, परत जाऊ," जीपवाला म्हणाला.

"हिरवी आणू," बाई म्हणाल्या.

हिरवीने तोच चिखल घुरघुरत कापला. बाई त्याच्या शेजारी होत्या. दीर नेमका त्याच्या पाठीमागे. त्याचा श्वास जीपवाल्याच्या मानेला लागत होता. मुरमाच्या ढिगाऱ्यापाशी त्याने गाडी थांबवली. पलीकडे खाण होती, पण ढिगाऱ्यामुळे तिच्यात साठलेलं पाणी दिसत नव्हतं.

"ऐन पावसाळ्यात येईल ही इथवर?" बाईंनी विचारलं.

"येते."

"आणि पांढरी?"

"छे! पावसाळ्यात इथे हिच्याशिवाय कुणाचं चाक लागत नाही."

इंजिन गुरगुरत राहिलं. या दोघांनी इथे काही केलं, तर उद्या पोलीस खाण ढवळून काढतील. या विचाराने जीपवाल्याला राहवेना.

"बाई, तुमच्या घरात काय चाललंय ते मी विचारत नाही. मला कळायलाही नको. पण मनात काही असेल, तर ही जागा सोडा. यंदा ऊन फार आहे. पाणी खाली चाललंय. ते आटलं की तळातलं सगळं उघडं पडेल."

"आटलंय," बाई म्हणाल्या. "परवा. माझी धाकटी बहीण सापडली. तुमच्या त्या खुर्चीवर बसायची ती."

मागून दिराचा हात पुढे आला आणि त्याने गाडीची किल्ली काढून घेतली.

"पावसाळ्यात तिला इथवर कोणती गाडी आणू शकली असती," बाई म्हणाल्या, "एवढंच या मागे बसलेल्या पोलीस साहेबांना तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."