एकशे बारावं दार

उत्तमराव खराडे एकशे बाराव्या दारात थांबले आणि त्यांनी मनगटावरची पट्टी पुढे केली. बदनाम उमेदवाराला आता ती सक्तीची होती. तिला बोट लावलं की त्याचा पश्चात्ताप, कंटाळा, जे असेल ते मतदाराला जसंच्या तसं जाणवायचं.

लपवलेला दुसरा संसार उघडकीला आल्यापासून त्यांची बायको शालन इथे भावाकडे राहत होती. "वहिनींचं दार शेवटी घेऊ, घरचं मत कुठं जातंय," असं सकाळी कार्यकर्ते म्हणाले होते.

शालनने बराच वेळ पट्टीवर बोट ठेवलं.

"सकाळी पहिल्यांदा कुणाकडे गेलात?"

"जगदाळे काकूंकडे. पट्टीला हात लावला आणि रडल्याच त्या."

"मला तर तुमचे पाय दुखतायत, एवढंच कळतंय," म्हणत ती पाणी आणायला आत गेली.