आठ दात्यांचं चाक

काकूंच्या पायाचं ऑपरेशन झालं आणि त्या चालायचंच टाळू लागल्या. कारखान्यात लेथवर उभा जन्म काढलेल्या काकांनी शक्कल लढवली. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत शर्यत, काकू विरुद्ध काकांची एकाच वेगाने धावणारी रिमोटची गाडी.

पहिल्याच दिवशी काकू हरल्या. त्यांना जिंकवायचंच म्हणून काकांनी मोटारीवरचं सोळा दात्यांचं चाक काढून बाराचं बसवलं. गाडी मंदावली, पण काकूही मंदावल्या. दहाचं बसवलं, तरी काकू मागेच!

आज काकांच्या हातात आठ दात्यांचं चाक होतं. मोटारीचे दहा फेरे, तेव्हा कुठे गाडीच्या चाकाचा एक. याहून लहान चाक मिळतच नव्हतं. डॉक्टर तर म्हणतात पाय सुधारतोय, मग ही अशी खचत का चाललीय? या विचारात काकांनी साधा स्क्रूही दोनदा वाकडा बसवला.

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या.



"अगं, मी चांगली तुरुतुरु चालते आता! पण यांची ती गाडीच दिवसेंदिवस रखडतेय. हरली तर बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं होईल, म्हणून मीच मुद्दाम पाय ओढत येते."