पंचवीस कैऱ्या

कॅन्सरची गाठ काढल्यापासून सुधीरचं आयुष्य तीन-तीन महिन्यांचं झालं होतं. स्कॅन, रिपोर्ट, पुन्हा स्कॅन. टूथपेस्टसुद्धा तो लहानच आणायचा, उगाच वाया नको.

उद्या रिपोर्ट मिळायचा होता, आणि आज त्याच्या बायकोने, वैशालीने, त्याला गौलीगुड्याच्या बाजारात लोणच्याच्या कैऱ्या फोडून घ्यायला आणलं.

"कित्ते काटूं, अम्मा?" कैरीवाल्याने विचारलं.

"पच्चीस."

"अगं, आधी रिपोर्ट तर येऊ दे," सुधीर पुटपुटला.

"तुझ्या रिपोर्टसाठी कैऱ्या थांबतात होय? पिकतील तोवर. पिशवी धर."

सुधीरने पिशवी धरली. पंचवीस कैऱ्यांचं लोणचं वर्षभर पुरतं, आणि घरात लोणचं खाणारा तो एकटाच होता.