दावणीपाशी

गुरांचं प्रदर्शन दाखवायच्या निमित्ताने ती मुलांना घेऊन आली, पण तिला दाखवायचा होता त्यांचा मामा. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून सात वर्षं भावाने बोलणं टाकलं होतं. तो दावणीपाशी गाईचं अंग पुसत होता. बहिणीला बघून त्याचा हात थबकला. तेवढ्यात धाकटी पुढे झाली. "काका, हात लावू?" त्याने तिला उचललं, तिचा तळवा गाईच्या कपाळावर टेकवला. "घाबरू नकोस. गरीब आहे ती." थोरला ऐटीत म्हणाला, "ही माझी बहीण. काका, तुम्हाला आहे बहीण?" त्याने धाकटीला हलकेच खाली ठेवलं. "नाही," बहिणीकडे न बघता तो म्हणाला. "बाई, पोरांना मागे घ्या. लोक खोळंबलेत." तिने दोघांचे हात धरले. "काकांना टाटा करा," ती म्हणाली.