कोंपाद्रेचा घास

"तोंड उघडा, कोंपाद्रे," निकानोर म्हणाला आणि त्यानं उकडलेला कंद दोन्ही हातांनी पुढे धरला.

सेवेरिनोनं मान फिरवली. पण कोंपाद्रेनं दोन्ही हातांनी दिलेलं नाकारायचं म्हणजे नातंच मोडायचं. सेवेरिनोच्या लेकीला, फेलिसाला, बाप्तिस्म्याच्या वेळी निकानोरनंच हातात धरलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांचे कोंपाद्रे, सख्ख्या भावांहून जवळचे. शेवटी त्यानं नाइलाजानं चार घास गिळले.

चाकोच्या लढाईत पकडलेली ही बोलिव्हियाच्या थंड डोंगरातली माणसं पराग्वेच्या उन्हात रस्त्यासाठी खडी फोडत होती. पत्र्याच्या एका खोपीत साठ जण. पाणी डबक्याचं, अंगभर उवा, आणि जेवण दिवसातून एकदा. एक कंद, तोही लाकडासारखा, आणि वाडगाभर मक्याचं पाणी. त्यात हिवतापानं उच्छाद मांडलेला. मेला तो सुटला, असं लोक सरळ म्हणत.

तापानं अंथरुणाला खिळलेल्या सेवेरिनोचं नाव मात्र सुटकेच्या यादीत लागलं होतं. कामाला निरुपयोगी झालेल्या अकरा कैद्यांना गाडीनं घरी धाडणार होते. गाडीला अजून महिना होता. तोवर हा टिकला तर नशीब, असं छावणीचा डॉक्टर निकानोरला म्हणाला होता.

मग निकानोरनं ठरवूनच टाकलं. स्वतःचा कंद तो रोज सेवेरिनोला भरवू लागला आणि आपण मक्याच्या पाण्यावर राहू लागला. सोबती त्याला वेड्यात काढत. तो ऐकून घेई आणि हसे. त्याची बायको मागच्या वर्षी गेली होती, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. फेलिसाला तिचा बाप परत मिळाला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"तुम्ही खाताय ना काही?" सेवेरिनोनं एकदा विचारलं.

"मुकादमाला पटवलंय मी," निकानोरनं थाप मारली. "तुम्ही आपले गिळा."

तिसऱ्या आठवड्यात ताप उतरला. सेवेरिनो आधी भिंत धरून चालला, मग भिंत सोडून. ते बघून निकानोरला रडूच आलं.

गाडीच्या दिवशी अकरा जण रांगेत उभे राहिले. निकानोरही काठी टेकत निरोप द्यायला आला. डॉक्टरनं सेवेरिनोचा दंड चाचपला, पापणी ओढून पाहिली, चार पावलं चालायला लावलं.

"हा तर अजून वर्षभर खडी फोडेल," म्हणत त्यानं यादीतलं नाव खोडलं आणि काठीवर रेललेल्या निकानोरकडे बघून विचारलं, "तुझं नाव काय रे?"